कोणता राजा, ते विचारायचं राहिलं

आमच्या नाटकाच्या दिग्दर्शकाने मला फसवलं. भर दिवसा, माझ्याच शेडमध्ये बसून फसवलं.

चाकणला माझं छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट बनवून एका मोठ्या कंपनीला देतो. तिथल्या हौशी मंडळींनी स्पर्धेसाठी एक जुनं इंग्रजी ऐतिहासिक नाटक मराठीत बसवायला घेतलं. इंग्लंडचा तरुण राजा थोडंसं सैन्य घेऊन फ्रान्सवर चालून जातो आणि जिंकतो, अशी गोष्ट. त्यांना चिलखतं हवी होती, तालमीला जागा हवी होती, सैनिकही हवे होते. दिग्दर्शक माझ्याकडे आला आणि मी सौदा केला. चिलखतं माझी, शेड माझी, सैनिक म्हणून माझे वेल्डर. बदल्यात मला राजा करायचं.

"दिला राजा!" तो म्हणाला. वर टाळीही दिली.

भंगारवाल्यापासून बँकवाल्यापर्यंत कुणाशीही बोलताना मी शब्द न् शब्द फोडून घेतो. त्या दिवशी मात्र कोणता राजा, एवढंच विचारलं नाही. पहिल्या तालमीला कळलं, नाटकात राजे दोन आहेत. माझ्या वाट्याला फ्रान्सचा आला होता. म्हातारा, खुर्चीत बसून वाईट बातम्या ऐकणारा.

"आणि इंग्लंडचा कोण?"

"आपले पर्चेसचे साहेब."

म्हणजे ब्रॅकेटच्या दरावरून ज्याच्याशी माझं कायम वाजतं, तोच! मी हातातला पाना भिरकावला. पत्र्यावर असा काही आवाज झाला की फ्रेंच सेनापती टेबलाखाली गेला. दिग्दर्शक ढिम्म. "शेठ, राजा दिला की नाही दिला?"

कहर म्हणजे माझी पोरं इंग्लंडच्या सैन्यात. लढाईआधी साहेब तेलाच्या रिकाम्या बॅरलवर चढून भाषण ठोकायचा. चिखलात तुमच्याआधी मी उतरणार, वगैरे. माझा हेड वेल्डर, मूळचा बीडचा, दर तालमीला डोळे पुसायचा.

"अरे, हा माणूस तुला गेटवर ओळखतो तरी का?"

"न्हाई ओळखत, शेठ. पण बोलतंय लई भारी. जीव द्यावा वाटतंय."

माझ्यासाठी यांनी कधी ओव्हरटाइमसुद्धा हसून केला नव्हता. माझी माणसं माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होत होती आणि मी खुर्चीत बसून दाढी सावरत होतो.

चिंचवडच्या नाट्यगृहात प्रयोग झाला. माझ्या वेल्डरांनी फ्रेंच सैन्य, म्हणजे कंपनीचे अकाउंट्सवाले, असं झोडपलं की बिचारे चष्मे शोधत मेले. मग आला तहाचा प्रवेश. साहेबाने अटी वाचल्या: राज्य द्या, मुलगी द्या. मला एकच शब्द होता, "मान्य."

तो तोंडातून निघेना. समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मी जन्मात कधी हो म्हटलेलं नाही!

"मुलीचं तिला विचारून सांगतो," मी म्हणालो. "राज्याचं म्हणाल, तर किनारपट्टी घ्या. आतलं नाही परवडणार."

प्रेक्षागृह हशाने फुटलं. साहेबालाही सवय नडली. "नाही हो शेठ, आता रेट फायनल झालाय!"

फ्रान्सच्या राजाला शेठ!

"ठीक आहे," मी म्हणालो, "आधी माझं चिलखत काढून ठेवा. मग बोलू."

तेवढ्यात खणखण आवाज आला. हेड वेल्डर भाला घेऊन रंगमंच ओलांडून माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्यामागून बाकीचे निघाले.

"अरे, तुम्ही इंग्लंडचे!" विंगेतून दिग्दर्शक किंचाळला.

"आसू द्या," वेल्डर तिकडे बघून म्हणाला. "शेठ एकटे पडलेत."

शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. इंग्लंडचा राजा आता एकटा उभा. छाती माझी अशी फुगली की चिलखताचा पट्टा तुटला. साहेबाने माझ्या मागच्या भाल्यांकडे पाहिलं, घसा खाकरला. "बरं शेठ, अर्ध्यावर..." एवढं बोलला आणि धाडकन पडदा पडला.

दिग्दर्शक म्हणतो, दोरी सुटली. पडदेवाला म्हणतो, दोरी सुटत नसते, विंगेतून खूण झाली. ज्याने ती खूण केली, त्याने माझ्या शेडवर यावं आणि माझ्या पोरांसमोर उभं राहून सांगावं: अर्धा फ्रान्स सुटत होता, तेव्हा पडदा कुणाला विचारून पाडला?