कढीपत्त्याचं एक पान

माझ्या नवऱ्याच्या या मित्राइतकं मला कोणीही, अगदी सख्ख्या भावांनीसुद्धा, संतापवलेलं नाही. पामर्स्टन नॉर्थमध्ये इंजिनियर म्हणून त्यांना मान आहे, पण गॅरेजमध्ये शिरले की ते आठशे वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये राहतात. तिथले कुंभार काळ्या झिलईच्या वाडग्यात झाडाचं खरं पान ठेवून भाजायचे. पान जळून जायचं, त्याची सोनेरी नक्षी तेवढी उरायची. तसा एक वाडगा आपल्या हातून व्हावा, एवढाच यांचा ध्यास. त्यापायी गाडी बारा महिने पावसात आणि आत विजेची भट्टी. कोणाकडे जेवायला गेले तरी आधी कुंपणाशी थांबून पानं उलटीपालटी करणार. चहासाठी स्वतःचा काळा वाडगा मोज्यात गुंडाळून आणणार. माझे पांढरे मग बघून म्हणाले, "वहिनी, यातून चहा घेतला की हॉस्पिटलमध्ये आल्यासारखं वाटतं." मी हॉस्पिटलातच फार्मसिस्ट आहे. म्हटलं, "मग तपासूनच घ्या."

हे सगळं मी चालवून घेतलं. कढीपत्त्याचं नाही. ऑकलंडहून मांडीवर कुंडी घेऊन आणलेलं ते रोप मी सात हिवाळे स्वयंपाकघराच्या खिडकीत जगवलं होतं. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, आम्ही आठवडाभर लेकीकडे रिकार्टनला गेलो आणि झाडाला पाणी घालायला या भाऊजींना घराची किल्ली दिली. परत आलो तर कुंडी मागच्या अंगणात, झाड काळं पडलेलं. पानं उजेडात बघायला बाहेर नेलं, आत आणायचं राहिलं, आणि त्याच रात्री दंव पडलं.

"वहिनी, मी एकच पान घेतलं हो."

"पान एक घेतलंत भाऊजी, झाड दंवाला दिलंत. किल्ली ठेवा इथे."

त्यांनी ठेवली. लेक फोनवर म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ प्लँट." मी फोन ठेवून दिला.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, खोडाला कोंब आला नाही. कुंडी रिकामी केली त्याच आठवड्यात दाराशी एक मोजा ठेवलेला दिसला. बेल वाजली नव्हती. आत काळा वाडगा, आणि तळाशी चिमुकलं पान, शीर न् शीर दिसणारं. नवरा म्हणाला, "इतक्या वर्षांत त्याला हा एकच जमलाय."

मी अजून चिडलेलीच आहे. वाडगा कुंडीच्या जागी ठेवलाय, कारण दुसरीकडे जागा नव्हती. मोहरी तडतडली की हात सवयीनं खिडकीकडे जातो, वाडग्याला लागतो, आणि आत ठेवलेली त्यांची किल्ली वाजते. ती न्यायला त्यांनी यावं. मी बोलावणार नाही.