नावेची मोटर

पुरात वापरायच्या नावेची मोटर आमच्या कार्यालयाच्या गोदामात दोन वर्षं पडून होती. सोमवारी तपासणी होती, म्हणून ती घेऊन मी वलगाव रोडवरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. तो शेतीचे पंप दुरुस्त करायचा. नावेची मोटर त्याने पहिल्यांदाच पाहिली. तिच्यावर पांढरी भुकटी चढली होती आणि बोल्ट गंजले होते.

"वरून रंग मारून द्या, चालेल," मी म्हणालो.

त्याने नखाने एक पापुद्रा काढून माझ्यापुढे धरला. "साहेब, आतून सडून राहिली हे. रंगानं झाकली त तुमाले दिसणार नाही, एवढंच."

त्याने मोटर खोलली, डिझेलने धुतली, तारेच्या ब्रशने घासली. चष्मा कपाळावर चढवून एकेक बोल्ट डोळ्यांशी नेऊन पाहिला. अस्तर लावलं, त्यावर रंग दिला आणि तो पुरता वाळेपर्यंत कुणाला बोट लावू दिलं नाही. तोवर सोमवार निघून गेला. आमच्या साहेबांची बोलणी मी खाल्ली आणि मनातल्या मनात मिस्त्रीला शिव्या दिल्या.

गुरुवारी तलावावर चाचणी झाली. कुणी सांगण्याआधीच तो नावेत मोटरीजवळ जाऊन बसला. दोरीच्या दुसऱ्या झटक्याला ती सुरू झाली. तलावाच्या मध्यावर माझं लक्ष गेलं, तर त्याने दोन्ही हातांनी नावेची कड घट्ट धरली होती.

"पोहता येतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही येत," तो म्हणाला. "पुरात ज्याले इथं बसवान, त्याले तरी कुठं येत असन?"