न कळलेला आकडा

शमीमताई फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नसत. आधी “कोण बोलतंय?” विचारत, आणि नाव कळल्याशिवाय पुढचं एक अक्षर ऐकून घेत नसत.

शिनोलीजवळच्या आमच्या फळप्रक्रिया कारखान्यात संगणक विभाग म्हणजे त्या आणि मी. त्या जुन्नरच्या, रोज एसटीने येत. कारखान्याचे पंप नदीच्या पात्रात होते. पावसाळ्यात गाळ काढायला माणसं तिथं उतरत. वरच्या धरणातून किती पाणी सोडलंय ते एका संकेतस्थळावर दिसे, म्हणून तो आकडा दर तासाला आपोआप आणणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, ताईंनी लिहिली.

अडचण प्रॉक्सीची होती. आमचं सगळं इंटरनेट पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या या सर्व्हरमधून जाई आणि नाव-पासवर्ड दिल्याशिवाय तो कुणालाच बाहेर सोडत नसे. मी म्हटलं, कारखान्याच्या साहेबांचा पासवर्ड टाकू.

“नाय भाऊ. स्क्रिप्ट जाणार, तर तिच्याच नावानं जाऊ दे.”

त्यांनी स्क्रिप्टसाठी वेगळं खातं मागून घेतलं. वर एक तपासणीही घातली. “उत्तर आलं म्हंजे धरनाचंच आलं असं न्हाई. मधल्या प्रॉक्सीनं पन दिलं असंल.” म्हणून स्क्रिप्ट आधी उत्तरासोबत येणारा सांकेतिक क्रमांक पाही. ४०७ आला, म्हणजे प्रॉक्सीने अडवलं, की मोठ्यांदा घंटा वाजे.

ऑगस्टातल्या एका सकाळी ती वाजली. खात्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. पात्रात माणसं उतरलेली.

साहेब म्हणाले, “मघाशी तर शून्य होतं ना?”

“ते मघाशी, साहेब. आत्ताचं आपल्याला ठावं न्हाई. ठावं न्हाई म्हंजे शून्य न्हाई. मानसं वर घ्या.”

त्यांचा आवाज चढलाही नव्हता. साहेबांनी पंपघराला फोन लावला. माणसं काठावर चढून विड्या पेटवतायत तोच पाण्याचा लोंढा आला. बघता बघता पात्रात उतरायची लोखंडी शिडी दिसेनाशी झाली.

दुपारी पंपावरचे म्हातारे गेनूभाऊ चिखलाच्या पायांनी आमच्या दाराशी आले. आत यायला संकोचत होते. ताई नवा पासवर्ड टाकत बसल्या होत्या.

“ताई,” त्यांनी हात जोडले, “पानी येतंय त्ये तुमाला कसं कळलं वो?”

ताई उठून उभ्या राहिल्या.

“मला कुठं कळलं व्हतं, गेनूभाऊ? म्हनून तर वर बोलावलं.”