कुंडीतली कुसुम

फाल्गुनात आमच्या आखाडा बाळापूरच्या शिवारात हळद शिजू लागली की तिच्या वाफेचा ओलसर, मातकट, किंचित औषधी वास गावभर पसरतो, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत शिरतो, आणि दोन दिवस लोटले की तो आहे हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही. यंदा तो माझ्या ध्यानात राहिला, कारण लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने नाशिकला राहून मी परतले ती नेमकी त्या वासातच. हिंगोली सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला, बसच्या खिडकीतून ऊन मांडीवर आलेलं, आणि माझं चित्त मात्र घराच्या उत्तरेकडच्या ओट्यावर. आधी कुंड्या, मग चहा, हा माझा क्रम घरच्यांना पाठ आहे.

त्या कुंड्यांत हॅवर्थिया आहेत. तळहातावर मावेल एवढं झाड. जाड, रसाळ, टोकदार पानं एकाभोवती एक अशी रचलेली की वरून पाहावं तर हिरवं कमळच. खोड दिसत नाही, फूल आलं तरी क्षुल्लक, पाणी चमचाभर. सगळं सौंदर्य पानांच्या त्या वर्तुळाकार मांडणीत आणि त्यांवरच्या नक्षीत. काहींच्या पाठीवर पांढरे आडवे पट्टे, काहींवर मोत्यांसारखे सुटे दाणे, तर काहींच्या पानांची टोकं काचेसारखी पारदर्शक. सकाळचा प्रकाश त्यांतून आत उतरतो आणि पान आतून उजळून निघतं. आमचे हे या सगळ्या वैभवाला ‘बारकी कोबी’ म्हणतात आणि आजची कोबी कशी आहे असं न चुकता विचारतात.

मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणजे खरं तर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं पोरांकडून पाठ करून घेतली. हॅवर्थिया हे नावही कुण्या परदेशी अभ्यासकाच्या आडनावावरून आलेलं. त्यातही अलीकडे तज्ज्ञांनी या कुळाची वाटणी केली, आणि पट्ट्यांच्या नि मोत्यांच्या झाडांना एका फटक्यात नवं नाव मिळालं. झाडं तीच, कुंड्या त्याच, मी फक्त नावाच्या पाट्या म्हणून कुंड्यांत खोचलेल्या कुल्फीच्या काड्या पुसून नव्यानं लिहिल्या. लिहिताना मला आमच्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवलं. अंगठीनं तांदळात ‘विद्या’ असं कोरलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि वीस वर्षांची कुसुम त्या ताटातच राहिली. तक्रार म्हणून नाही सांगत. विद्या हे नाव मला लाभलंही. पण मला कुसुम म्हणून हाक मारणारा शेवटचा माणूस माझा थोरला भाऊ होता, आणि तो दोन वर्षांपूर्वी गेला.

म्हणून मी मनाशी एक बेत केला होता. भाऊ असतानाच, डोक्यातला एक केस घेऊन एका झाडाच्या फुलातले पराग मी दुसऱ्याच्या फुलात नेऊन ठेवले होते. त्यातून धरलेलं बी रुजवून तीन रोपं वाढवली होती. पाच वर्षं लागली. तिघी बहिणी दिसायला अगदी सारख्या, पाठीवर टपोरे मोती असलेल्या. पण त्यांतल्या एकीचं वेगळेपण असं की तिच्या पानांची आतली बाजू नखासारखी गुळगुळीत होती, दुसऱ्या दोघींच्या आतही अगदी बारीक खरखर. फोनवर आम्हा हौशी मंडळींचा एक गट आहे. त्यांचा दंडक असा की नव्या झाडाला वाढवणाऱ्यानं नाव द्यावं, आणि ते नाव फक्त त्या एका झाडाला आणि त्याच्या बुडाशी फुटलेल्या पिलांना लागावं, बहिणींनासुद्धा नाही. गुळगुळीत आतल्या अंगाच्या त्या झाडाचं नाव मी कुसुम ठेवणार होते. नाशिकहून परतले की पहिलं पिलू गटातल्या एकांना पाठवायचं कबूलही केलं होतं.

ओट्यावर आले तर कुंड्या हिरव्यागार होत्या, टवटवीत होत्या, आणि एकीवरही काडी नव्हती.

माझ्या पाठीमागे मेहरूनआपा एखाद्या निकालाची वाट पाहावी तशा हसत उभ्या होत्या. त्या आमच्या शेजारीण, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणाऱ्या मणियार घराण्यातल्या. मधल्या भिंतीवरून रोज सकाळी ‘चहा झाला का, मॅडम?’ असं विचारणं हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. कुंड्या मी त्यांच्याच भरवशावर सोडल्या होत्या.

“त्या काड्या? बंबात घातल्या की,” त्या म्हणाल्या. “कुंडीकुंडीवर पाटी लावून ठिवली तुमी, कबरस्तान दिसून राहिलं होतं. अन् साऱ्या एकएकल्या काहून ठिवल्या होत्या? आमच्यात एकली बांगडी फळीवर ठिवत न्हाईत. म्या पिल्लं काढली अन् साऱ्यांच्या बराबर जोड्या लावल्या.”

खरंच लावल्या होत्या. उंचीला उंची, मोत्याला मोती पाहून, दुकानातल्या फळीवर लावाव्यात तशा. तिघी बहिणींची तीन पिलं निघाली होती, मी जाण्याआधीच पोसून ती आयांच्या बरोबरीला आलेली होती, आणि कोण कुणाची हे न बघता मापाला माप जुळवून त्या सहाजणींच्या तीन जोड्या झाल्या होत्या. मी भिंग आणलं. हिरव्यावर हिरवी खरखर भिंगातूनही दिसेना. बोट फिरवलं तर बोटाला काहीच कळेना. गेली दोन वर्षं साखरेच्या दुखण्यानं माझ्या बोटांची टोकं बधिर झालेली आहेत. भाजी चिरताना, पुस्तकाचं पान उलटताना मी ते चालवून घेते, पण त्या क्षणी फार मोठं काहीतरी हातातून निसटल्यासारखं झालं आणि माझ्या तोंडून नको ते निघालं.

“तुम्हाला कुणी सांगितला होता हा नसता उपद्व्याप? पाच वर्षं मातीत घातलीत माझी.”

आपांचं हसू मावळलं. “चुकलं माझं, मॅडम,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

तीन दिवस सकाळी भिंतीवरून चहा विचारला गेला नाही. हे म्हणाले, “कोबी जगवली त्या बाईनं, आणि तू तिलाच बोललीस.” गटावर विचारणा होत होती, नाव ठरलं का, पिलू कधी पाठवता. सहांतलं कुठलंही एक उचलून पाठवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर चुकीच्या नावाखाली लाल रेघ ओढलेली बाई मी, स्वतःचं नाव भलत्याच झाडावर कसं चिकटवणार? आणि रोज सकाळी ती भिंत मुकी पाहून माझा चहा गोड लागत नव्हता, जो तसाही बिनसाखरेचा असतो.

चौथ्या दिवशी बाजार होता. भाजीच्या ट्रेमध्ये सहाही कुंड्या ठेवून मी बाजारात गेले. लसणाच्या ढिगांपलीकडे आपांचं बांगड्यांचं पाल. लाल, हिरव्या, सोनेरी काचेच्या रांगांवर सकाळचं तिरपं ऊन पडलेलं. त्या एका बाईचा पंजा दाबून माप घेत होत्या, आणि चढवण्याआधी सवयीनं प्रत्येक बांगडीच्या आतून बोट फिरवत होत्या. काच वळवून जिथं जोडतात तो सांधा धारदार राहिला तर मनगट कापतं, म्हणून बांगडीची परीक्षा आतून करायची असते. बावीस वर्षं मी त्यांच्याकडून बांगड्या भरल्या आणि ते बोट कधी पाहिलंच नव्हतं.

गिऱ्हाईक उठल्यावर मी समोर बसले. “आपा, मी नको ते बोलले. मला वाईट वाटतंय,” असं सरळच म्हणाले, आणि बोटांचं सांगितलं, जे मी घरातही नीटसं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला, टोकं दाबून पाहिली. “एवढी तकलीफ अन् बोलल्या न्हाईत व्हय?” मग ट्रे ओढून घेतला. “आतून गुळगुळीत ती पायजे ना? त्यात काय.”

त्यांनी डोळे मिटले. एकेका झाडाच्या पानावर आतल्या अंगानं तर्जनी फिरली, थांबली, पुढे गेली. लसूणवाली मान वर करून बघू लागली. “ही,” आपा म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, “अन् ही. मायलेकी हायेत.”

माझ्यातली मास्तरीण स्वस्थ बसेना. कुंड्या पदराआड घेऊन मी त्यांच्या जागा बदलल्या. आपांनी पुन्हा त्याच दोघी काढल्या. तिसऱ्यांदा लसूणवालीनं हौसेनं फिरवाफिरव केली, पुन्हा त्याच. “परीक्षा संपली का, मॅडम?” असं आपांनी विचारलं तेव्हा मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, किंवा ते आधीच आलेलं होतं.

त्यांनी फळीवरच्या दोन हिरव्या बांगड्या काढून दोन्ही झाडांभोवती मातीवर ठेवल्या. पानांचं वर्तुळ काचेच्या वर्तुळात नेमकं बसलं. “ही खूण. काड्या जळतेत. पन येवढी हुडकाहुडकी कायला? नाव काय हिचं?”

“कुसुम.”

“कोन कुसुम?”

“मी,” मी म्हटलं. भर बाजारात, लसणाच्या वासात, तांदळाच्या ताटाची गोष्ट मी त्यांना सांगितली.

आपांनी एका झाडाभोवतीची बांगडी बोटानं नीट केली. “बावीस साल झाले,” त्या म्हणाल्या, “अन् आमाला नावच ठाव न्हाई तुमचं.” मग दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्या त्याचा पंजा दाबू लागल्या.

त्या संध्याकाळी मी पिलू कागदात गुंडाळून पाठवणीला तयार ठेवलं आणि गटावर नाव कळवून टाकलं. माझ्या कल्पनेपेक्षा ते काम फार लवकर उरकलं; चार शाबासक्या आल्या, गट पुढच्या झाडाकडे वळला. मी अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते होऊन गेलं होतं, आणि एवढंच का ते, असंही थोडं वाटत होतं.

सकाळी मी कुंड्यांना चमचाचमचा पाणी घालत होते. हळदीची वाफ शेतांवरून येत होती, ऊन भिंतीच्या कडेपर्यंत आलेलं, आणि पलीकडून हाक आली, “कुसुम, चहा झाला का?”

मी आधी कुंडीकडे पाहिलं. मग ओ दिली.