सूर्यफुलांची राखण

साळूबाईच्या जिभेला हाड नाही, असं चितेगावात सगळे म्हणतात. पण त्या दिवशी सख्ख्या भावापुढं तिचे शब्द कमी पडले.

वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचं एक शेड होतं. ते बंद पडलं, मालक परागंदा झाला, पण शेडमधलं शिशाचं पाणी तिच्या दीड एकरात मुरलं ते मुरलंच. ज्वारी पिवळी पडे. बांधावरचं गवत खाऊन तिच्या शेळीनं दोनदा गाभ टाकला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी त्या रानाची गत. मग कृषी विद्यापीठातली संशोधक प्रेरणा आली. तिनं सूर्यफूल पेरायला लावलं आणि बियाण्याबरोबर मूठमूठ बुरशी मातीत घालायला सांगितली. ही बुरशी मुळांना धाग्यांनी चिकटते, लांबचं पाणी ओढून देते. झाडं मातीतलं शिसं वर खेचतात. फुलं धरायच्या आत सगळं मुळासकट उपटून गोण्यांत भरायचं, जनावराच्या तोंडी लागू द्यायचं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. चरायची माळरानं प्लॉटिंगवाल्यांनी कुंपणात घातली होती, उरलेली उन्हानं करपली. हिरवं म्हणून होतं ते साळूबाईचंच. अशा दुपारी तिचा भाऊ सर्जेराव ऐंशी मेंढरं घेऊन बांधावर उभा राहिला. भाऊ कळप घेऊन आला की बहिणीच्या रानात मेंढरं बसवायची, ही त्यांच्यातली पिढ्यांची रीत. रानाला खत, भावाला मान.

"इथं नाय, सर्जा," ती म्हणाली. "मातीत इख हाय."

सर्जेरावनं तिच्या खांद्यावरून रानाकडं पाहिलं. "इखात एवढं हिरवं येतंय व्हय, आक्का? चार दिस झाले, ह्यांच्या पोटात काय नाय. सरळ म्हण ना, भाऊ जड झाला."

हे बोलणं तिला लागलं. शेळीची गोष्ट तिनं सांगितली, पण उपाशी जनावरांच्या धन्याला ती ऐकू येईना. त्यानं काठीनं कुंपणातल्या बोराटीच्या काटेरी फांद्यांचा एक फेस बाजूला ओढला. पुढची काळी मेंढी फटीशी येऊन मान ताणू लागली. मागं सगळा कळप दाटला. एक घुसली की ऐंशी घुसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

साळूबाई फटीत आडवी उभी राहिली. जवळचं एक पान तिनं तोडलं.

"तुला चांगलं दिसतंय ना? मग मीच आधी खाते."

पान ओठांना लागलं तोच सर्जेरावनं तिच्या हातावर फटका मारला. पान धुळीत पडलं. काळीनं तिकडं तोंड नेलं, तर त्यानं तिच्याही नाकावर काठी मारली आणि कळप मागं हाकलला. आपण काय करायला निघालो होतो, हे त्याला आत्ता कळलं होतं.

साळूबाईनं म्हशीसाठी राखलेला कडबा, होता नव्हता तेवढा, रस्त्याकडेला टाकला. मेंढरं तुटून पडली. भाऊ-बहीण बोराटी परत लावत होते, तेव्हा त्यानं विचारलं,

"कधी बसवता येतील?"

"प्रेरणा म्हणती, अजून चार-पाच पिकं तरी काढावी लागतील."

त्यानं काळीच्या पाठीवरून हात फिरवला. "तवर ही नसंल."

"तिची लेकरं आण," साळूबाई म्हणाली, आणि शेवटचा फेस तिनं पायानं घट्ट दाबला.