भेटायला आलेली माणसं

उपांत्य सामन्यात चढाई करून परतताना समोरच्या पोरीचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मी उठले, धूळ झटकली आणि उरलेला सामना खेळलेही म्हणे. मला त्यातलं काहीच आठवत नाही. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला मार बसलाय. तीन आठवडे अंधारी खोली, मोबाइल नाही, पुस्तक नाही, बोलणंही कमी. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड पंचवीस दिवसांवर होती. ती हुकली तर पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं, आणि राज्य पातळीच्या प्रमाणपत्राशिवाय पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर मला कुणी उभं करणार नव्हतं.

डॉक्टरांना आमचं चौसाळा गाव ठाऊक नव्हतं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैरच. त्यात वडिलांचं किराणा दुकान पुढं आणि घर मागं, त्यामुळे साखर न्यायला आलेला माणूससुद्धा आत डोकावून जायचा. आणि डोक्याला मार म्हटल्यावर प्रत्येकाला माझी परीक्षा घ्यायची असे. पडदा सारायचा, तोंड जवळ आणायचं आणि विचारायचं, "वळखलं का ग मला?" ओळखलं की खूश होत, चहा घेत आणि अशाच मारानं कोण कसं गेलं ते सविस्तर सांगत. एकदा चिडून मी सख्ख्या आत्याला 'न्हाई' म्हणाले. ती रडतच घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी शिरूर कासारहून जीप भरून नातेवाईक आले.

मी वडिलांना म्हटलं, दार लावून घ्या, डोकं फुटतंय माझं. त्यांनी मान खाली घातली.

"येऊ नका म्हणून लोकायला कसं म्हणावं, बाई? उद्या त्यांच्याच दारात जायचंय."

मला त्यांचा राग आला, तो अजून गेलेला नाही. तिसऱ्या आठवड्यातही उलट्या थांबल्या नव्हत्या. माणसांमुळेच बरी झाले नाही, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते.

तरी निवडीला गेलेच. कबड्डीच्या सरांना सांगितलं, ठणठणीत आहे. पहिल्याच चढाईत एकीला हात लावला आणि वळले, तर मैदान तिरकं झालं. मी जीव खाऊन पळाले, पण समोरच्यांच्या मागच्या रेषेकडे. मैदानाबाहेर जाऊनही 'कबड्डी कबड्डी' म्हणतच होते. कुणी हसलं नाही.

आमचे सर ज्या पोरीकडून आशा असते तिलाच घालूनपाडून बोलतात. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून एक गोड शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दंडाला धरून मला बाकड्यावर बसवलं, पाण्याची बाटली स्वतः उघडून दिली.

"बस बेटा," ते म्हणाले. "लई चांगली खेळलीस तू."

मग त्यांनी यादीतल्या पुढच्या पोरीला हाक मारली.