खिडकीपाशी उभा डॉक्टर

माजलगावहून निघालेल्या एसटीत शेजारचा माणूस मासिक वाचता वाचता इतका हसत होता, की त्याच्या पोटाबरोबर आमचं बाकडंही हलत होतं. वाचत होता माझी कथा, आणि ती करुण होती.

"एवढं हसायलाव कावून?" मी विचारलं. लेखक मीच, हे सांगितलं नाही.

त्यानं डोळे पुसले. "ह्या डॉक्टरच्या हातून चूक होती, अन् हा दोन पानं खिडकीपाशी रडत उभा. तवर पेशंटकडं कोण बघायलंय? मी बी डॉक्टर हाय. एकाचा डावा पाय मोडलता, मी प्लास्टर घातलं उजव्याला. रडू लई आलं, पण आधी ते प्लास्टर काढावं लागलं. डाव्याला घातलं, माफी मागितली, मग रडलो. पेशंटच मला पाणी पाजायला लागला."

बाकडं पुन्हा हललं. मी कथा आठवून पाहिली. पेशंटला मी नावसुद्धा दिलं नव्हतं. मग मलाही हसू आवरेना.

"त्याच्याच पोरीच्या लग्नाला चाललोय," म्हणत तो दिंद्रुडला उतरला. स्टँडवर फेटा बांधलेला एकजण वाट बघत होता. डॉक्टरला बघताच त्यानं उजवा पाय झटकन डाव्यामागं लपवला.